पांडाजच्या अंदाजावर विसंबू नका

महोदय,

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तक्ते हाताळायचे म्हटले की 'पांडाज' ही लायब्ररी ठरलेलीच. ती शिकवणारे बहुतेक धडे तक्त्याची फाइल वाचणाऱ्या 'रीड सीएसव्ही' या कमांडला फाइलचे नाव देऊन पुढे सरकतात, आणि खरा घोळ त्याच ओळीत होतो. रकान्यात आकडे आहेत, मजकूर आहे की आणखी काही, हे सांगितले नाही तर पांडाज स्वतःच ठरवते. अंदाज चुकला तरी एरर येत नाही.

००४५७ हा खातेक्रमांक वाचताक्षणी ४५७ होतो. त्या रकान्यात एक जरी सेल रिकामा असला तर अख्खा रकाना दशांशाचा होतो, कारण नेहमीच्या पूर्णांक प्रकारात 'रिकामे' नोंदवायची सोयच नाही. मग ४५७ चे ४५७.० होते आणि ते मजकुरात बदलून दुसऱ्या तक्त्याशी जोडायला गेलात की काहीच जुळत नाही. क्रमांक सतरा-अठरा आकडी असतील तर आणखी वाईट. दशांश प्रकारात ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे सगळेच पूर्णांक नेमके मावतात असे नाही. शेवटचे अंक बदलतात आणि नंतर प्रकार दुरुस्त करूनही परत येत नाहीत. म्हणून ज्या रकान्याची कधी बेरीज होणार नाही, त्याला वाचतानाच 'डीटाइप' (रकान्याचा प्रकार) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, द्यावा. (फाइल 'जरा बघू' म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली असेल, तर शून्ये तिथेच गेली. त्याचे खापर पांडाजवर नको.)

देशांच्या तक्त्यातून नामिबिया गायब होतो, तो असाच. त्याचा दोन अक्षरी कोड 'एनए', आणि ही अक्षरे पांडाज 'माहिती नाही' अशी वाचते. डीटाइप स्ट्रिंग देऊनही हे टळत नाही. 'कीप डिफॉल्ट एनए' फॉल्स करावे लागते. ते केले नाही, तर घोळ पुढेही चालतो. त्या कोडवर 'ग्रुपबाय' केले, म्हणजे गट पाडले, की कोड रिकामा असलेल्या ओळी मुकाट्याने वगळल्या जातात आणि गटांची बेरीज मूळ बेरजेपेक्षा कमी भरते. तिथे 'ड्रॉपएनए' फॉल्स हवे.

तारखांना फॉरमॅट लिहूनच द्यावा. एरवी ०३/०४ म्हणजे पांडाजच्या लेखी सहसा ४ मार्च. मजकुराचे आकडे करणाऱ्या 'टू न्यूमरिक'ला 'कोअर्स' (जमले नाही तर सेल रिकामा ठेव) सांगितले तर १,२५० मधल्या स्वल्पविरामापायी तो सेल रिकामा होतो, तेव्हा आधीचे आणि नंतरचे रिकामे सेल मोजून ताडून पाहावेत.

दोन तक्ते जोडणाऱ्या 'मर्ज'चे दुखणे वेगळे. एकच क्रमांक डावीकडे ३ वेळा आणि उजवीकडे ४ वेळा असला तर १२ ओळी तयार होतात आणि रकमा फुगतात. 'व्हॅलिडेट'मध्ये 'मेनी टू वन' लिहिले की उजवीकडे क्रमांक दुबार असल्यास प्रोग्रॅम तिथेच थांबतो. 'हाऊ'ला 'लेफ्ट' (डावीकडच्या सगळ्या ओळी ठेव) देऊन 'इंडिकेटर' ट्रू केले, तर डावीकडच्या कोणत्या ओळींना जोडी मिळाली नाही तेही नव्या रकान्यात दिसते.

– एक वाचक