मफलरला कंबर आली आहे

प्रिय नंदे,

रात्री सगळे झोपले की आई माझं विणकाम उसवते आणि परत विणून ठेवते. दादाला सांगितलं तर म्हणतो, ‘मग बरंच आहे की, तुझं काम वाचलं.’ म्हणून आता तुला लिहितेय.

माझा खोकला गेला, गुडघा आहे तसाच आहे. ते सोड.

आईच्या अंगठ्याचं तुला माहीत आहेच. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सुया बंद करायला सांगितल्या. त्या दिवसापासून ती नुसती बसून राहायची, टीव्हीसुद्धा लावायची नाही. शेवटी मी म्हटलं, मला शिकव, हात माझे आणि तोंड तुझं. शिवणाच्या तासाला मी काय दिवे लावले होते ते तुला आठवत असेल. तिलाही आठवत होतं. पण तिचा चेहरा असा खुलला की मला माघार घेता येईना.

मग 30 टाके घातले आणि सगळ्या ओळी सुलट विणायला घेतल्या. मला खरं तर एक ओळ सुलट, एक उलट असं हवं होतं, स्वेटरसारखं गुळगुळीत. आई म्हणाली, ‘कर आणि बघ.’ चार बोटं कापड होईतो त्याची पुंगळी झाली. त्या विणीच्या कडा वळतातच म्हणे. नुसत्या सुलट ओळींचं कापड मात्र सपाट राहतं, दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. हे आधी सांगता आलं नसतं का? पण नाही, तुम्हा दोघींची शिकवायची हीच तऱ्हा. पोहायला शिकवताना तूही मला असंच ढकललं होतंस.

पुढे 30 चे 37 टाके झाले. मी मोजते, ती हसते. ओळ सुरू करताना मी लोकर वर ओढून सुईवरून मागे टाकत होते. तसं केलं की पहिल्याच टाक्याचे दोन पाय वर येतात, ते दोन टाके वाटतात, आणि मी दोन्ही विणून मोकळी. लोकर सुईच्या खालून मागे जायला हवी. एवढंसं कारण, पण तोवर मफलर त्रिकोणी व्हायला लागला होता. सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने उचलायलाही तिनेच तोंडी शिकवलं. टाका खाली घसरत गेला की आडव्या धाग्यांची शिडी दिसते; तळातल्या टाक्यात आकडा घालायचा, वरचा धागा त्यातून ओढून घ्यायचा, मग त्याच्या वरचा. सुलट ओळींच्या कापडात एक पायरी पुढून, एक मागून, नाहीतर मधेच वेगळी वीण दिसते. मला जमलं, नंदे! मी उठून नाचले.

तर एके रात्री एक टाका सुटला आणि कंटाळून मी तसाच ठेवून झोपले. सकाळी शिडी गायब. मला वाटलं, माझेच डोळे. मग मफलर पलंगावर पसरून पाहिला तर त्याला चक्क कंबर. माझी वीण सैल, दहा सेंटिमीटरला 18 टाके बसतात. त्या पट्ट्यात बसतात 22. म्हणजे तेवढ्याच 30 टाक्यांत रुंदी 3 सेंटिमीटरने कमी. इतकी घट्ट वीण या घरात कोणाची आहे ते तुला सांगायला नको. शिवाय त्या पट्ट्याच्या कडेला साखळी आहे. ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलला की तशी साखळी येते, आणि ते मला अजून कोणी शिकवलेलंच नाही! आईला म्हटलं, इथे मफलर अरुंद का झालाय गं? तर म्हणे, ‘तुझा हात बसायला लागलाय.’

आता माझं डोकं चालत नाही. बोलले तर ती ओशाळेल, आणि पुन्हा नुसती बसून राहील. न बोलले तर अंगठ्याची वाट लागेल. परवा तिला बाटलीचं झाकणसुद्धा फिरवता येईना. नीट विणलं तर तिला रात्री उसवायला काही उरणार नाही, हे खरं. पण मला नीट विणता येत असतं तर हा प्रश्नच आला नसता. आणि दुसऱ्या दिवशी ती इतकी खुशीत असते गं. मुद्दाम एखादा टाका सोडून ठेवावा असंही मनात येतं. दादाचं म्हणणं, सुया लपव. त्यावरून आमचं भांडण झालं, अजून धड बोलत नाही.

तू पाठवलेल्या टोपीच्या नमुन्यावरूनही घरात महाभारत झालं. त्यात 8 नंबरच्या सुया लिहिल्या आहेत. आईच्या डब्यातल्या 8 नंबरच्या सुया 4 मिलिमीटरच्या, जुन्या ब्रिटिश मापाच्या, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन मापात उलटं, तिथे 8 म्हणजे 5 मिलिमीटर. टोपी बाहुलीला झाली. यापुढे मिलिमीटर लिहीत जा. आणि तो निळा स्वेटर तिने तुला विणला, मला नाही, हे मी अजून विसरलेले नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिनूचा निकाल लागला का? सासूबाईंना नमस्कार सांग.

आता काम. रात्री साडेदहानंतर आईला फोन कर, तेव्हाच ती मफलर घेऊन बसते. मोज्याची टाच कशी वळवायची ते विचार. तुला येतं हे तिला माहीत आहे, तेव्हा विसरले म्हण. टाच तोंडी समजावून सांगायला अर्धा तास तरी लागतो, आणि तेवढा वेळ तिचा एक हात फोनमध्ये अडकलेला राहील. अधूनमधून चुकीचं बोल, म्हणजे ती पुन्हा पहिल्यापासून सांगेल. फक्त फोन स्पीकरवर टाकायचं तिला सुचू देऊ नकोस.

तुझी,
मंदा