छायाचित्राखालच्या ओळीची जबाबदारी कोणाची?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

परिसरातील घटनांची मोबाइलवर टिपलेली छायाचित्रे वाचकांनी पाठवावीत, निवडक छायाचित्रांना अंकात स्थान दिले जाईल, असे आवाहन आपल्या दैनिकात नुकतेच प्रसिद्ध झाले. त्यामागचा वाचकांना सामावून घेण्याचा हेतू चांगला आहे आणि त्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. मात्र त्यानंतर याच सदरात आलेल्या एका पत्रात, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना वृत्तपत्रांनी पगारी छायाचित्रकार कशासाठी ठेवावेत, असा प्रश्न विचारण्यात आला आहे. पत्रलेखकाने तो कुत्सितपणे विचारलेला नाही, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर मिळायला हवे असे वाटते. मी एका अन्य स्थानिक दैनिकात बरीच वर्षे वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करतो आणि या कामाचा जो भाग वाचकांना दिसत नाही, तो त्यांच्यासमोर मांडावा यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमचा दिवस आग, पूर आणि दंगली यांच्या मागे धावण्यात जातो, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात वृत्तसंपादकांकडून सकाळी जी कामांची यादी हाती येते, तिच्यात एखादे उद्घाटन, एखादा बक्षीस समारंभ, एक पत्रकार परिषद, संध्याकाळचा सामना आणि पुरवणीतल्या लेखासाठी कोणाचे तरी व्यक्तिचित्र, असा मजकूर असतो. या ठरलेल्या कामांच्या मधोमध अपघाताचा किंवा आगीचा फोन येतो आणि सगळे वेळापत्रक कोलमडते. पण तसा फोन आला नाही तर दिवसाचा मोठा भाग ओळीने उभ्या राहिलेल्या माणसांची छायाचित्रे काढण्यात जातो. या कामाला आमच्यातलेच काही जण कमी लेखतात, ते मला पटत नाही. त्या ओळीत उभ्या असलेल्या मुलीचे छायाचित्र कदाचित आयुष्यात एकदाच वर्तमानपत्रात येणार असते, तिच्या घरी ते कात्रण वर्षानुवर्षे जपले जाणार असते, आणि त्यात तिचे डोळे मिटलेले असले किंवा खालच्या ओळीत तिच्या जागी शेजारणीचे नाव पडले, तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात तळाशी छापलेल्या दोन ओळींच्या खुलाशाने ते भरून निघत नाही.

नावांचे काम बाहेरून अगदी किरकोळ दिसते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. समारंभ संपला की पाहुणे पांगू लागतात, मुले घरी जायच्या घाईत असतात, आयोजक पुढच्या कार्यक्रमाकडे वळलेले असतात, आणि छायाचित्रकाराला त्याच दोन-तीन मिनिटांत आठ-दहा जणांची नावे डावीकडून उजवीकडे बिनचूक मिळवायची असतात. ऐकून लिहिलेल्या नावात ऱ्हस्व-दीर्घाची, आडनावातल्या एखाद्या अक्षराची चूक हमखास होते. त्यामुळे मी वही-पेन पुढे करतो आणि ज्याचे त्याला स्वतःच्या हाताने नाव लिहायला सांगतो. मग वहीच्या त्या पानाचेही छायाचित्र काढतो. मेमरी कार्डावर माणसांची चौकट, म्हणजे त्यांचे छायाचित्र, आणि लगेच तिच्या पाठीला वहीचे पान, असा क्रम राहिला की रात्री हातघाईच्या वेळी कोणती नावे कोणत्या छायाचित्राची, हा घोळ होत नाही. सामन्याच्या वेळी तर खेळाडूंच्या पाठीवरच्या क्रमांकांची यादी आधीच मागून घ्यावी लागते, कारण गोल झाल्यावर एकमेकांना मिठ्या मारणाऱ्या खेळाडूंकडे जाऊन नाव विचारता येत नाही. हे सारे शटरचे बटण दाबण्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे काम आहे. प्रत्यक्ष बटण दाबायला लागणारा वेळ त्या मानाने नगण्य असतो.

आता प्रकाशाविषयी. दिवसाउजेडी, मोकळ्या जागेत, स्थिर उभ्या माणसाचे मोबाइलने काढलेले छायाचित्र वर्तमानपत्राच्या कागदावर उत्तम उमटते, हे मी मान्य करतो. परंतु बंदिस्त सभागृहात चाललेला सामना टिपायचा असेल तर खेळाडूची हालचाल गोठवण्यासाठी शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकेच, शक्य तर त्याहून कमी वेळ उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्याशा वेळात सभागृहातल्या दिव्यांचा पुरेसा प्रकाश आत येत नाही. त्यातही अनेक दिवे विजेच्या प्रवाहाबरोबर सेकंदाला १०० किंवा १२० वेळा मंद-प्रखर होत असतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्यात एका चौकटीत चेहरा उजळ येतो, पुढच्या चौकटीत तोच काळवंडतो आणि तिसरीत आडवे पट्टे उमटतात. प्रकाश असा कमी पडतो म्हणूनच मोठ्या भिंगाची, एकटीच दीड किलोच्या आसपास भरणारी लेन्स खांद्यावर वागवावी लागते. दूरसाठी एक आणि जवळसाठी एक असे दोन कॅमेरे दिवसभर अंगावर घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या पाठीची आणि मानेची काय अवस्था होते, ते या व्यवसायातल्या कोणालाही विचारावे. सामना रात्री असेल तर तो संपेपर्यंत थांबण्याची मुभा नसते. मध्यंतरात मैदानाच्या कडेला मांडीवर लॅपटॉप उघडून शेकडो चौकटींमधून पाच-सहा निवडायच्या, ओळी लिहायच्या आणि पाठवायच्या, कारण पान छपाईला सोडण्याची वेळ गोल होण्यासाठी थांबत नाही. निर्णायक गोल उत्तरार्धात झाला, तर तो पाठवण्याची धावपळ पुन्हा पहिल्यापासून.

आणि ताटकळणे. न्यायालयाच्या दारात, रुग्णालयाच्या फाटकापाशी, बैठक चाललेल्या बंद दालनाबाहेर तासन् तास उभे राहावे लागते आणि दार उघडल्यापासून मोटारीचे दार बंद होईपर्यंत जेमतेम काही सेकंद मिळतात. ते सेकंद हुकले तर उद्या पुन्हा, हा पर्याय नसतो. वार्ताहराला नंतर फोन करून माहिती विचारता येते. छायाचित्रकाराला तिथे, त्या वेळी हजर असावेच लागते.

या कामातला सर्वांत अवघड प्रसंग तांत्रिक नसतो. अपघाताच्या जागी, आगीत घर गमावलेल्या कुटुंबासमोर किंवा अंत्ययात्रेत कॅमेरा डोळ्याला लावायचा की नाही, हा निर्णय क्षणात आणि एकट्याने घ्यावा लागतो. मी अशा ठिकाणी प्रथम कॅमेरा खाली ठेवून जवळच्या नातेवाइकाला भेटतो, मी कोण आणि कशासाठी आलो ते सांगतो, आणि नको म्हटले तर मागे सरतो. रस्त्यावरून छायाचित्र घेण्याची कायद्याने मुभा असली तरी शोकात बुडालेल्या माणसाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर भिंग नेण्याची परवानगी त्यातून मिळते, असे मी मानत नाही. दुसरी गोष्ट अशी की स्थानिक छायाचित्रकाराला त्याच गावात राहायचे असते. ज्यांचे दुःख त्याने छापले, ती माणसे त्याला दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटतात. बाहेरून येऊन दोन दिवसांत निघून जाणाऱ्या पथकावर हे बंधन नसते, आणि हाती मोबाइल घेऊन गर्दीत उभ्या असलेल्या अनोळखी माणसावर तर ते मुळीच नसते. माझ्या मते स्थानिक छायाचित्रकाराचे खरे मोल या बंधनात आहे.

पगारी छायाचित्रकारांशिवाय चालेल का, हा प्रयोग याआधी होऊन गेला आहे. ३० मे २०१३ रोजी अमेरिकेतील 'शिकागो सन-टाइम्स' या दैनिकाने आपल्या पूर्णवेळ छायाचित्रकारांचा २८ जणांचा संपूर्ण विभाग एका दिवसात बंद केला आणि वार्ताहरांना मोबाइलवर छायाचित्रे काढण्याचे प्रशिक्षण देण्याचे ठरवले. नोकरी गेलेल्यांमध्ये १९८२ साली पुलित्झर हे पत्रकारितेतले मानाचे पारितोषिक मिळवलेले जॉन एच. व्हाइट हेही होते. वार्ताहर कष्टात कमी पडतात असे मला म्हणायचे नाही. परंतु जो माणूस समोरच्याचे बोलणे ऐकून टिपून घेत असतो, त्याचे लक्ष त्याच क्षणी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात काय चालले आहे याकडे असू शकत नाही.

याउलट घडलेले उदाहरणही सांगण्यासारखे आहे. १२ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेच्याच व्हर्जिनिया राज्यातील शार्लट्सव्हिल या शहरात वर्णवर्चस्ववादी गटांच्या मेळाव्याला विरोध करणाऱ्या लोकांच्या गर्दीत एकाने भरधाव मोटार घातली. त्यात एका तरुणीचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. मोटार गर्दीवर आदळली त्या क्षणाचे जे छायाचित्र जगभर छापले गेले, ते 'द डेली प्रोग्रेस' या तेथील स्थानिक दैनिकाचे छायाचित्रकार रायन केली यांनी टिपले होते आणि त्याला २०१८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. केली यांनी घटनेपूर्वीच दुसरी नोकरी पत्करली होती. घटनेचा दिवस हाच त्या दैनिकातला त्यांचा शेवटचा दिवस होता. एवढे महत्त्वाचे काम करणाऱ्या माणसाला तोच व्यवसाय सोडावा लागतो, याचा विचार वृत्तपत्रे चालवणाऱ्या प्रत्येकाने करावा. अमेरिकेतल्या फर्ग्युसन या गावात २०१४ मध्ये पोलिसांच्या गोळीने एका कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाल्यावर उसळलेल्या आंदोलनाच्या छायाचित्रांसाठी २०१५ चे पुलित्झर मिळाले तेही 'सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच' या जवळच्याच शहरातील दैनिकाच्या छायाचित्रकारांना. त्या गर्दीतही मोबाइल कमी नव्हते.

वाचकांकडून येणाऱ्या छायाचित्रांचा मुद्दा मी टाळू इच्छित नाही, कारण कित्येकदा घटनास्थळी सर्वांत आधी तेच असतात आणि त्यांनी टिपलेले दृश्य आम्हाला कधीच मिळाले नसते. अडचण पडताळणीची आहे. संदेशांच्या ॲपवरून फिरत आलेले छायाचित्र आकुंचित झालेले असते आणि ते कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढले याची फाइलमध्ये नोंदलेली माहिती बहुधा वाटेत गळून गेलेली असते. मग कुठल्या तरी जुन्या पुराचे छायाचित्र आजच्या पुराचे म्हणून येते आणि अलीकडे तर न घडलेल्या घटनेचे, संगणकाने बनवलेले छायाचित्रही येऊ लागले आहे. पगारी छायाचित्रकार चुकत नाही किंवा मोहात पडत नाही, असा माझा दावा नाही. २००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे ब्रायन वॉल्स्की यांनी दोन चौकटी जोडून एक छायाचित्र तयार केले आणि ते पहिल्या पानावर छापलेही गेले. मात्र फसवणूक उघड होताच दैनिकाने वाचकांना ते स्पष्टपणे सांगितले आणि वॉल्स्की यांची नोकरी गेली. छायाचित्राखाली नाव असलेला, जाब विचारता येईल असा माणूस तिथे होता म्हणूनच हे होऊ शकले. 'समाजमाध्यमांवरून साभार' एवढ्या ओळीखाली जाब कोणाला विचारणार?

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आज किरकोळ वाटणारे छायाचित्र तीस-चाळीस वर्षांनी गावाचा इतिहास होते. पाडलेली इमारत, बुजवलेला तलाव, बंद पडलेल्या कारखान्यातून शेवटच्या पाळीनंतर बाहेर पडणारे कामगार, हे सारे स्थानिक दैनिकाच्या संग्रहात सापडते आणि पुष्कळदा अन्यत्र कुठेही सापडत नाही. पण नाव, ठिकाण आणि तारीख नसलेले छायाचित्र संग्रहात असून नसल्यासारखेच. डिजिटल फाइलच्या पोटातच ही माहिती कायमची नोंदवण्याची पद्धत जगभरातल्या वृत्तपत्रांत रूढ आहे आणि ते कंटाळवाणे काम रोज रात्री छायाचित्रकारच करत असतो. हा हात काढून घेतला तर त्या वर्षांचा संग्रह मुका राहील, आणि मागाहून कितीही खर्च केला तरी ती नावे परत मिळणार नाहीत.

म्हणून आपल्याला काही विनंत्या करतो. वाचकांची छायाचित्रे जरूर छापावीत, परंतु मूळ फाइल मागवावी, पाठवणाऱ्याशी फोनवर बोलावे, ते कुठून आणि किती वाजता काढले ते विचारावे आणि छायाचित्राखाली त्याचे नाव द्यावे. आपल्या स्वतःच्या छायाचित्रकारांच्या बाबतीतही 'छाया :' या शब्दापुढे 'प्रतिनिधी' असे मोघम न छापता व्यक्तीचे नाव छापावे. जागा कमी पडली की ही ओळ सर्वांत आधी कापली जाते, हे पान लावणाऱ्या सहकाऱ्यांना ठाऊक आहे. संग्रहातले छायाचित्र वापरले तर ते संग्रहित असल्याचे आणि शक्य असेल तेव्हा त्याचे वर्षही लिहावे. दिवसाच्या यादीत छायाचित्रकाराला एकाच वेळी तीन ठिकाणी पाठवण्याऐवजी दोनच ठिकाणी पाठवावे, म्हणजे त्याला नावे विचारायला सवड मिळेल. आणि काटकसरीचा विचार करताना या विभागाकडे बोट जाण्यापूर्वी, पडताळणीचे आणि फोटोओळींचे काम उद्यापासून कोण करणार, ते व्यवस्थापनाने लेखी ठरवावे.

हे पत्र लांबले आहे. जागेअभावी काही कापावे लागलेच तर माझ्या अनुभवाचा भाग कापावा, पण या विनंत्या छापाव्यात.

आपला,
एक वृत्तछायाचित्रकार