नर्सिंगच्या अर्जाविषयी आई-बाबांना

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

रविवारी फोनवर मी जे अर्धवट सांगितले आणि बाबांनी ‘बरं, बघू’ म्हणून जे बाजूला ठेवले, ते आता सविस्तर लिहितो. येथील कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमासाठी मी अर्ज करणार आहे. नोकरी गेलेली नाही, प्रकृती उत्तम आहे आणि घरात कुरबुर नाही. चाळिशीत असा निर्णय घेणाऱ्या माणसाविषयी ज्या शंका आधी मनात येतात, त्यांचा निकाल पहिल्याच परिच्छेदात लावलेला बरा. तुमच्या सुनेशी बोलून, खर्चाचा हिशेब मांडून आणि तिच्या नोकरीतून आम्हा सर्वांचा आरोग्य विमा चालू राहील याची खात्री करून घेऊनच हे ठरवले आहे.

बाबा, ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावावरून तुम्हाला ते एखाद्या खासगी क्लाससारखे वाटले असावे. ती सरकारी खर्चाने चालणारी, मुख्यतः दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांची महाविद्यालये आहेत आणि त्यांपैकी सर्वांत जुने, इलिनॉयमधील जोलिएट येथील, १९०१ पासून चालू आहे. कॅलिफोर्नियातील रहिवाशाला येथे एका युनिटला (विषयाचा भार ज्यात मोजतात ते एकक) ४६ डॉलर फी पडते, म्हणजे शरीररचनाशास्त्रासारखा पाच युनिटांचा विषय २३० डॉलरमध्ये शिकता येतो. परिचारिकेच्या त्याच परवान्यापर्यंत नेणाऱ्या खासगी संस्था हजारो डॉलर घेतात. त्यामुळे येथील थोड्या जागांवर अर्जांची गर्दी होते आणि पहिल्या वर्षी प्रवेश न मिळणे ही अगदी सामान्य गोष्ट समजली जाते.

तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात म्हणून हेही सांगतो की, पूर्वी अमेरिकेतही नर्सिंगचे शिक्षण बहुतांशी रुग्णालयांच्या शाळांमध्ये होत असे आणि शिकण्याच्या नावाखाली विद्यार्थिनींकडून वॉर्डातील काम करून घेतले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर परिचारिकांची टंचाई भासू लागली, तेव्हा मिल्ड्रेड माँटॅग या बाईंनी १९५१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील आपल्या प्रबंधात, हे शिक्षण महाविद्यालयात दोन वर्षांत देता येईल असे मांडले आणि १९५२ मध्ये त्याचा प्रयोगही सुरू झाला. मी ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करतो आहे, तो त्याच परंपरेतला आहे. दोन वर्षांची पदवी घेणारा आणि चार वर्षांची घेणारा, दोघांनाही शेवटी परवान्यासाठी एनक्लेक्स ही एकच परीक्षा द्यावी लागते. ती संगणकावर होते, तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न किती अवघड द्यायचा हे संगणक ठरवतो, आणि एखाद्याची परीक्षा ८५ प्रश्नांत संपते तर दुसऱ्याची १५० पर्यंत लांबते. पुढे चार वर्षांची पदवी पूर्ण करण्याची सोय आहे आणि मी ती करीनच, कारण मोठी रुग्णालये तिला प्राधान्य देतात.

अर्ज करण्याआधीच बरेच काही शिकून झालेले असावे लागते. शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह पूर्ण करावे लागतात. माझी पुणे विद्यापीठाची इंजिनीअरिंगची पदवी येथे अगदीच निरुपयोगी नाही, पण तिचा उपयोग सामान्य विषयांपुरता आणि तोही मूल्यमापन करून घेतल्यावर. विज्ञानाचे विषय मात्र मला येथेच, संध्याकाळच्या वर्गांत, माझ्या निम्म्या वयाच्या मुलामुलींबरोबर करावे लागले. हाडांची नावे पाठ करताना शाळेतील संस्कृतची रूपे आठवली, आणि पाठांतराला नावे ठेवणाऱ्यांविषयीचे बाबांचे मत मला पहिल्यांदाच पटले. टीईएएस नावाची प्रवेशचाचणीही असते. त्यात ६२ टक्क्यांची मर्यादा ओलांडली की पुढचा विचार होतो.

गुणवत्तायादी लावण्याची रीत तर तुम्हाला नक्कीच नवलाची वाटेल. काही कॉलेजे सरळ चिठ्ठ्या टाकतात. काही कॉलेजे निरनिराळ्या गोष्टींना गुण देतात आणि त्यांत परीक्षेच्या गुणांबरोबर आधीची पदवी, रुग्णसेवेचा अनुभव, घरची अडचणीची परिस्थिती आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येणे यांचाही विचार होतो. ज्या भाषांना असे गुण देता येतील, त्यांच्या कायद्यातील यादीत स्पॅनिश, चिनी, टागालोग यांच्याबरोबर भारतीय उपखंडातील भाषांचाही उल्लेख आहे. तेव्हा लहानपणी बाबांनी छडी घेऊन करून घेतलेले शुद्धलेखन वाया गेलेले नाही. रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस खाटेजवळ असावा, हा त्यामागचा विचार मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. येथील बऱ्याच भारतीय आजी-आजोबांना इंग्रजीत ‘दुखते आहे’ एवढेच सांगता येते, कसे आणि कुठे दुखते ते सांगता येत नाही.

आता ज्या गोष्टीने आईला त्रास होईल, ती लिहितो. रुग्णसेवेचा अनुभव म्हणून मी प्रमाणित नर्सिंग सहायकाचे प्रशिक्षण पूर्ण केले आहे. या राज्यात त्यासाठी ६० तास वर्गात आणि १०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ शिकावे लागते. त्यानंतर शनिवार-रविवारी मी एका वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करतो. काम आपल्याकडे मावशी आणि वॉर्डबॉय करतात तेच, म्हणजे अंग पुसणे, डायपर बदलणे, भरवणे आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देणे. इंजिनीअर झालेल्या मुलाने हे करावे का, असे तू विचारशील, आई. त्याहीपुढे जाऊन, स्वतःचे आई-बाप पुण्यात असताना हा परक्या म्हाताऱ्यांचे करतो, असेही तुझ्या मनात येईल. ते मी नाकारत नाही, कारण माझ्याही मनात ते दर शनिवारी येते आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच सांगू शकतो की, हे काम करताना मला एकदाही कमीपणा वाटला नाही, आणि जे हातून होते ते त्याच दिवशी कोणाच्या तरी उपयोगी पडते, हे सुख मला आतापर्यंतच्या नोकरीत मिळाले नव्हते.

‘पुरुषाने हे काम करायचे?’ हा बाबांचा प्रश्न मात्र मला तितकासा अवघड वाटत नाही. येथेही पुरुष नर्स दहा-बारा टक्क्यांच्याच आसपास आहेत, पण ‘ब्रदर’ हा शब्द आपल्या रुग्णालयांतही नवा नाही. बाबा, तुमच्या बायपासनंतरची रात्र आठवा. आयसीयूमध्ये तुमच्या लघवीचे माप दर तासाला लिहीत असताना ते तीस मिलीलिटरच्या खाली गेल्याचे सिस्टरनेच पाहिले आणि डॉक्टरांना उठवून आणले. नर्स म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेले मुकाट्याने करणारी व्यक्ती, हा समज तिथेच माझ्या मनातून गेला. चोवीस तास रुग्णाजवळ राहून काय बिघडते आहे ते आधी ओळखणे, औषधाचा डोस चुकीचा वाटला तर तो देण्याआधी डॉक्टरांना विचारणे, हे या कामाचे मर्म आहे. कॅलिफोर्नियात तर एका नर्सकडे किती रुग्ण असावेत हे २००४ पासून कायद्याने बांधून दिलेले आहे. आयसीयूत दोन आणि साध्या वॉर्डात पाच यांच्या वर ते जाऊ देत नाहीत. ससूनच्या वॉर्डात आपण जे पाहिले, त्यानंतर ही संख्या तुम्हाला गोष्टीतली वाटेल. पगाराची चिंता करू नये, कारण या राज्यात परवानाधारक नर्सचे सरासरी वार्षिक वेतन सव्वा लाख डॉलरच्या पुढे आहे. माझा खरा त्याग दोन वर्षांचा आहे, कारण रुग्णालयातील प्रात्यक्षिके बारा-बारा तासांची असतात आणि प्रवेश मिळाल्यावर सध्याची नोकरी सोडावीच लागेल.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. प्रवेश मिळाला की रुग्णालयात पाऊल ठेवण्यापूर्वी गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि कावीळ-ब यांविरुद्ध अंगात प्रतिकारशक्ती असल्याचे रक्ततपासणीने सिद्ध करावे लागते. मला कांजिण्या आल्या होत्या की दादाला, यावर आमच्या दोघांचा वाद आहे. आई, तू निश्चित सांग. दंडावरच्या बीसीजीमुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी खोटीच होकारार्थी येऊ शकते, म्हणून तिच्याऐवजी रक्ताची तपासणी करून घेणार आहे. क्षयाची तपासणी केल्याचे कळले तर घाबरू नका.

दुसरे काम बाबांचे. गोदरेजच्या कपाटातील निळ्या फाइलमध्ये माझ्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका असतील, त्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवा, म्हणजे विद्यापीठाकडे ट्रान्स्क्रिप्टसाठी अर्ज करताना बैठक क्रमांक अचूक भरता येतील. कृपया आता त्यांचे लॅमिनेशन करून घेऊ नका. आत्याने विचारले तर ‘तो मेडिकल लाइनला जातो आहे’ असे मोघम न सांगता नर्सिंग असेच सांगा. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिकिटे काढता येणार नाहीत, त्यामुळे दिवाळीला येण्याचे नक्की काय ते मागाहून कळवतो. तोवर छोटीला आजीच्या चकलीचे प्रमाण वाटी-चमच्यांत लिहून पाठवावे, असा तिचा निरोप आहे.

कळावे,
तुमचा मुलगा