गाठ कापण्याआधी एमआरआय: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी हाडांचा डॉक्टर आहे. गेल्या तोडणीच्या हंगामात एक ऊसतोड कामगार बाई ओपीडीत आल्या. मांडीवर बोटभर लांब आडवी शिवण. आठ महिन्यांपूर्वी कुठल्याशा दवाखान्यात 'चरबीची गाठ' म्हणून भूल देऊन काढलेली, तुकडा तपासायला पाठवलाच नव्हता. आणि आता त्या शिवणीखाली मोसंबीएवढी गाठ पुन्हा उभी.

शिवण आडवी होती, हे मुद्दाम सांगतोय. हातापायावरची संशयास्पद गाठ उघडायची तर छेद उभा घ्यायचा असतो. पुढच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये तो सगळा मार्ग गाठीसकट काढून टाकता येतो. आडवा छेद शेजारच्या निरोगी भागातही कॅन्सरच्या पेशी नेऊ शकतो, मग तोही काढावा लागतो. गाठ किती खोल आहे, कोणत्या स्नायूत आहे, रक्तवाहिनी आणि नस किती जवळ आहे, हे कापण्याआधी सांगतो तो एमआरआय. तपासणीसाठी तुकडा काढायची (बायोप्सीची) सुई कुठून घालायची, तेही त्यावरच ठरतं. खरी चरबीची गाठ ओळखणं तर बरंच सोपं: एका चित्रात ती पांढरीशुभ्र दिसते आणि चरबीचा सिग्नल दाबला की सगळी काळी पडते. आतला एखादा भाग तसा काळा पडला नाही, की शंका घ्यायची.

बाईंनी स्कॅनचे सात हजार मुकादमाकडून उचल म्हणून घेतले. पुढे परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण मांडीचा मोठा स्नायू गेला. तोडणीला आता जाता येत नाही, उचल मात्र फिटायची आहे.

मोठ्यांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये मऊ ऊतींचा सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागांचा कॅन्सर, शंभरात एखादाच. साध्या चरबीच्या गाठी मात्र आम्ही रोज बघतो. म्हणून चूक होते, आणि ती करणारा डॉक्टर वाईटच असतो असं नाही. त्याच्या हुशारीवर न सोडता नियम हवा: पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोलवरची किंवा वाढत असलेली गाठ एमआरआयशिवाय कापायची नाही. दुखत नाही म्हणून तर मुळीच नाही.

गुडघ्याचं थोडं वेगळं. कबड्डीत पाय पिळवटला की एक्स-रे 'नॉर्मल' येतो, कारण त्यात हाडं बांधून ठेवणारे लिगामेंट आणि सांध्यातली गादी (मेनिस्कस) दिसतच नाही. पोराला पट्टा बांधून घरी पाठवतात. तरी प्रत्येक मुरगळीला स्कॅन काढा, असं मी म्हणणार नाही. हातानं नीट तपासलं तर बरंच कळतं. (स्कॅन सेंटरवाल्यांना हे आवडणार नाही.) पण गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर फाटलेली गादी आत अडकलेली असू शकते. ती लवकर शिवली तर टिकते. स्कॅनच्या तारखेची वाट पाहण्यात ती झिजते आणि मग कापूनच काढावी लागते.

साहेब, नवीन एमआरआय मशीनची फीत कापायला आपण जाल तेव्हा तंत्रज्ञ किती नेमले, तेही विचारा. 2018 च्या जानेवारीत मुंबईत एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेणारा रुग्णाचा नातेवाईक मशीनमधल्या चुंबकाकडे ओढला जाऊन दगावला. हा चुंबक स्कॅन चालू नसतानाही चालूच असतो. दारावर ते जाणणारं माणूस लागतं, आणि स्नायू-सांध्यांच्या फिल्म वाचणारा रेडिओलॉजिस्टही. तो जिल्ह्यात नसेल तर चित्रं ऑनलाइन पाठवता येतात.

महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार होतात. माझ्या पेशंटला मात्र काउंटरवर ऐकावं लागतं, "आधी निदान आणा." ते निदान ज्या स्कॅननं होणार, त्याचेच पैसे त्यांच्याकडे नाहीत. वरच्या नियमात बसणाऱ्या गाठीला भरती न करता, ओपीडीच्या कागदावर, दोन आठवड्यांत मोफत एमआरआय मिळेल एवढा शासन निर्णय काढा. त्यासाठी कागदावर काय लिहायचं, ते आम्ही तालुक्यातले डॉक्टर एका पानात बसवून देतो.

आपला,
तालुक्यातला एक ऑर्थोपेडिक सर्जन