विंग लावण्याआधी डिकीचं झाकण उघडून बघा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी जळगावात बावीस वर्षं झाली डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. हल्ली दर आठ-पंधरा दिवसांनी एखादा पोरगा गाडी घेऊन येतो आन म्हणतो, भाऊ मागे डिकीवर मोठी विंग, म्हणजे पंखासारखी आडवी पट्टी, बसवून द्या, त्याच्याबद्दल लिहायचं होतं म्हणून हे पत्र.

माझ्या सख्ख्या भाच्याचंच सांगतो. त्याने मागच्या उन्हाळ्यात सेकंडहँड ऑडी टीटी आणली, लाल रंगाची, आणि येता येताच एका दुकानातून फायबरची विंग ठोकून आला. आता या गाडीला कंपनीचं स्वतःचं स्पॉयलर असतं, म्हणजे गाडीची मागची बाजू जोरात असताना उचलू न देणारी पट्टी, एरवी डिकीच्या झाकणात बसलेलं असतं, ताशी १२० च्या आसपास आपोआप वर येतं आणि ८० च्या खाली उतरलं की परत आत जातं. दुकानवाल्याने विंगचे पाय नेमके असे बसवले की ते स्पॉयलर अडकलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तो लागलाच. म्हणजे कंपनीने तपासून दिलेलं बंद पाडलं आणि कोणी न तपासलेलं वर चढवलं.

ते स्पॉयलर काही शोभेचं नाहीये. १९९८ साली पहिली टीटी आली तेव्हा मागे असं काही नव्हतं, जर्मनीत ऑटोबानवर जोरात असताना गाडीची मागची बाजू हलकी व्हायची, अपघात झाले, माणसं गेली, तेव्हा ऑडीने गाड्या परत बोलवून स्पॉयलर आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, बसवून दिलं. म्हणून मागची पट्टी फालतू असते असं मी कधीच म्हणणार नाही. विंग म्हणजे विमानाचा पंख उलटा केलेला, तो गाडी उचलायच्या ऐवजी मागची टायरं रस्त्यावर दाबतो, आणि रेस ट्रॅकवर फास्ट वळणात त्याचा खरंच फायदा होतो.

पण हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. समजा एखादी विंग १६० ला ४० किलो दाब देते, तर तीच विंग ४० ला फक्त अडीच किलो देणार, म्हणजे बामणोदच्या भरिताच्या वांग्यांची एक पिशवी डिकीवर ठेवली तेवढंच. आपल्या चौपदरी हायवेला कारची लिमिट १०० आहे, गावात तर गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही. हवेचा अडथळा मात्र वाढतो, हायवेला ॲव्हरेज पडतं. आणि नुसती मागची बाजू दाबली, पुढे काहीच केलं नाही, तर पुढची चाकं हलकी होतात आणि जोरात असताना गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, त्यांना तर हे आणखीच वाईट.

भाच्याच्या गाडीचं पावसाळ्यानंतर झाकण उघडलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं. चार भोकं पाडलेली, कडेला ना प्रायमर ना सीलंट, आतून गंज धरलेला, अस्तर ओलं. दोन्ही गॅसचे दांडे विंगच्या वजनाने दमलेले, झाकण हाताने धरून ठेवावं लागत होतं. डबल टेपवर चिकटवलेल्या विंगचं वेगळंच, आपल्या मे महिन्यात पत्रा एवढा तापतो की टेप सुटतोच. हायवेला ती विंग उडून मागच्या मोटरसायकलवाल्याला लागली तर काय होईल, याचा विचार कोणी करत नाही.

कायद्याचंही पोरांना माहीत नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि कलम १८२ए प्रमाणे बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कोणती ॲक्सेसरी चालते आणि कोणती नाही हे साध्या मराठीत कुठं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून माझी विनंती आहे की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आरटीओंनी तसा फलक लावावा आणि आपल्या पेपरनेही तो छापावा.

भाच्याची विंग मी काढली, भोकं वेल्डिंगने बुजवून झाकण पूर्ण रंगवलं, दांडे नवीन टाकले. बटण दाबलं आणि कंपनीचं स्पॉयलर परत वर आलं तेव्हा तो म्हणाला, मामा, हे एवढं भारी दिसतं तर मी ते झाकलंच कशाला. जुन्या झाकणाचे फोटो मी मोबाईलमध्ये ठेवलेत, विंग मागायला येणाऱ्या प्रत्येक पोराला आधी तेच दाखवतो.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक, जळगाव