रुग्णालयांच्या तपासण्या अनेक, पण नोंद एकत्र कुठेच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयात आग लागली की राज्यातील सर्व रुग्णालयांचे तातडीने ऑडिट करण्याचा आदेश निघतो. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात 10 बालके दगावली, तेव्हाही तो निघाला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयात आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागालाच आग लागून रुग्ण मृत्युमुखी पडले. अशा वेळी तपासण्याच होत नाहीत, असा सूर लागतो. रुग्णालयाचे कार्यालयीन काम पाहणारी व्यक्ती म्हणून मला तो पटत नाही. तपासण्या भरपूर होतात. एका विभागाला काय आढळले, ते दुसऱ्या विभागाला कळण्याची सोय तेवढी कुणी केलेली नाही.

तालुक्याच्या गावातील एखाद्या लहान खासगी रुग्णालयाचे उदाहरण घ्या. 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील नोंदणीचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडे होते. महापालिका हद्दीत हेच काम पालिकेचा आरोग्य विभाग पाहतो. 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा 'नमुना ब', म्हणजे आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला, द्यावा लागतो. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ, सोनोग्राफीसाठी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील समुचित प्राधिकारी, क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळ, औषध दुकानासाठी अन्न व औषध प्रशासन आणि लिफ्टसाठी विद्युत निरीक्षक आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत सहभागी व्हायचे तर तिची पाहणी वेगळी. खाटा, डॉक्टर, परिचारिका आणि इमारतीचा नकाशा ही तीच ती माहिती प्रत्येकाला नव्याने भरून द्यायची. (झेरॉक्सवाल्याचे बरे चालते.)

मी पूर्वी ज्या रुग्णालयात नोकरी करत होते, तेथे एकदा कचरा व्यवस्थापनाची तपासणी झाली. अधिकाऱ्यांनी पिवळ्या आणि लाल पिशव्यांवरचे बारकोड, रोजच्या वजनाची नोंदवही आणि सुया नष्ट करण्याचे यंत्र अगदी काळजीपूर्वक पाहिले. ते उभे होते तेथून चार पावलांवर आपत्कालीन दारापुढे मोडके स्ट्रेचर आणि रिकामे सिलिंडर रचून ठेवलेले होते. ते त्यांना दिसले नसेल असे नाही. पण त्यांच्या तपासणीच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता आणि ते कुणाला कळवायचे, याचाही नियम नव्हता. अग्निसुरक्षेचा दाखला त्या दिवशीही वैध होता. हा दाखला देणारी परवानाधारक संस्था रुग्णालयच निवडते आणि तिचे शुल्कही रुग्णालयच भरते, हेही येथे सांगितले पाहिजे.

सरकारी रुग्णालयांची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यांना शुश्रूषागृह नोंदणीचे बंधनच नाही. आगीच्या दृष्टीने तपासणी होऊन त्रुटी निघाल्या, तरी वायरिंग बदलणे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या हाती आणि पैसा देणे आणखी तिसऱ्याच्या. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता अशी फाइल फिरत राहते आणि कक्ष मात्र चालूच राहतो. महालेखापरीक्षकांचे अहवाल रिक्त पदांवर आणि पडून राहिलेल्या यंत्रांवर नेमके बोट ठेवतात, पण ते विधिमंडळात येईपर्यंत काही वर्षे उलटलेली असतात.

रुग्णालयांवर निदान कुणाची तरी नजर आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना सांभाळणारी जी 'केअर सेंटर' शहरोशहरी बंगल्यांतून आणि सदनिकांतून निघाली आहेत, त्यांचे काय? तेथे कॅथेटर बदलले जाते, नाकातून नळीने अन्न दिले जाते, इन्सुलिन टोचले जाते. 1949 च्या कायद्यातील शुश्रूषागृहाच्या व्याख्येत आजारी व जखमी माणसांबरोबर दुर्बल माणसेही आहेत, म्हणजे उपचार आणि शुश्रूषा पुरवणारी ही केंद्रे तिच्यात बसवता येतील. तरीही माझ्या एका नातेवाइकांना ठेवले होते, त्या केंद्राकडे विचारले असता शॉप अ‍ॅक्टच्या नोंदणीपलीकडे काही दाखवता आले नाही. आरोग्य विभाग म्हणणार, हा वृद्धाश्रम आहे, समाजकल्याणकडे जा. आणि समाजकल्याण म्हणणार, आमचे अनुदान नाही. बालगृहांना बाल न्याय कायद्याने तीन महिन्यांतून किमान एकदा निरीक्षण समितीची भेट सक्तीची केली आहे. परावलंबी वृद्धांना तेवढेही संरक्षण नसावे, याचे समर्थन कसे करणार?

इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेची तपासणी, नियमन व लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थांनी 2004 मध्ये आपापसात करारच केला होता; भेटींचा मेळ घालावा आणि एकाने घेतलेली माहिती दुसऱ्याने पुन्हा मागू नये, हा त्याचा गाभा होता. पुढे 2009 मध्ये तेथे तीन संस्था एकत्र करून केअर क्वालिटी कमिशन ही एकच संस्था उभी केली गेली, पण 2024 मधील स्वतंत्र परीक्षणात तिच्याही कारभारावर कडक ताशेरे ओढले गेले. म्हणून आपल्याकडे नवे प्राधिकरण काढण्यापेक्षा तो साधा करार मला जवळचा वाटतो. एक खिडकी ही डॉक्टरांच्या संघटनांची मागणी रास्त आहे, मात्र एका खिडकीत एकच 'व्यवस्था' करून सारे मिटवण्याचा धोकाही ओळखायला हवा. त्यामुळे अचानक भेटी देण्याचा प्रत्येक विभागाचा अधिकार कायम राहावा. बदल व्हावा तो नोंदींच्या बाबतीत.

सार्वजनिक आरोग्य विभागाने एखाद्या जिल्ह्यापासून सुरुवात करावी. प्रत्येक रुग्णालयाला व केअर सेंटरला, मग ते सरकारी असो वा खासगी, एक क्रमांक द्यावा. सर्व विभागांचे शेरे त्या क्रमांकाखाली नोंदले जावेत आणि जीविताला धोका दिसल्यास तो विषय आपला नसला तरी संबंधित विभागाला त्याच दिवशी कळवणे तपासनीसाला बंधनकारक असावे. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची सक्ती शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 च्या नियमांत आहेच. त्याशेजारी शेवटच्या तपासणीची तारीख, आढळलेल्या त्रुटी आणि त्या दूर झाल्या की नाही, हेही लावायला सांगावे. त्यासाठी नियमांत एका कलमाची भर पुरेशी आहे.

आपली नम्र,
एक रुग्णालय कर्मचारी, जि. सातारा