माल आपला, पण कागदावर कुणाचा?

संपादक साहेब, आपल्या इंदूरात सियागंज काय, क्लॉथ मार्केट काय, सगळं उधारीवर चालतं, आणि गिऱ्हाईक कंपनी दिवाळखोरीत गेली की आपले लोक म्हणतात माल माझाच, उचलून आणतो. असं नसतं हो! 1930 च्या माल विक्री कायद्यात कलम 19 आणि 25 आहेत, पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी आपलीच असं सौद्याच्या वेळीच लिहून घेता येतं, पण नंतर बिलामागे छापून काय उपयोग? लिहिलं तरी 2016 च्या दिवाळखोरी कायद्याचं कलम 14 लागलं की मोरेटोरियम, म्हणजे वसुलीवरची तात्पुरती बंदी, संपेपर्यंत माल हलत नाही. तरी लिहाच, त्याच कायद्याच्या कलम 18 मधे दुसऱ्याच्या मालकीचा माल कंपनीचा धरत नाहीत, दाव्याला जागा राहते, नाहीतर बँकांच्या मागे रांगेत उभे. कापडाचे शर्ट शिवून विकले असतील तर मात्र विसरा.

— एक कापड व्यापारी, इंदूर